चौथीनंतर कुठे? गावची झेडपीची शाळा, अनुदानित हायस्कूल की नवोदय

चौथी झालेल्या मुलाचा दाखला काढून त्याला तालुक्याच्या हायस्कुलात घालायचं ठरत असेल, तर आधी नवोदयचा एक नियम समजून घ्या. जवाहर नवोदय विद्यालय या केंद्र सरकारच्या निवासी शाळेत परीक्षेतून सहावीला प्रवेश मिळतो आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. पण ग्रामीण गटात बसायला तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेतच झालेली असावी लागतात. तालुक्याचं गाव नगरपंचायत किंवा नगरपालिका असेल, तर पाचवीला तिथे गेलेलं मूल शहरी गटात जातं. ही परीक्षा एकदाच देता येते. त्यामुळे नवोदय डोक्यात असेल तर पाचवी ग्रामपंचायत हद्दीतच करा. गावात पाचवी नसेल तर शेजारच्या गावातली शाळा चालते.

परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्न, १०० गुण. त्यातले ५० गुण बुद्धिमत्ता चाचणीला, २५ गणिताला, २५ भाषेला, आणि पेपर मराठीत देता येतो. राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश मोफत. नववीपासून गणित-विज्ञान इंग्रजीत होतं, आणि काही मुलांना नववीचं वर्ष दुसऱ्या राज्यातल्या नवोदयमध्ये काढावं लागतं. दहा-अकरा वर्षांचं मूल घरापासून लांब राहील का, हे घरच्यांनी त्याच्याशी बोलूनच ठरवावं. एका विद्यालयात जास्तीत जास्त ८० जागा असतात. तेव्हा तयारी जरूर करा, पण बहुतेक घरांना निवड करायची असते ती उरलेल्या दोन शाळांमधूनच.

तिथे पहिला प्रश्न इमारतीचा किंवा बुटांचा नाही. सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान कोण शिकवतं, हा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या वर्गांना विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक हवा. प्रत्यक्षात पदं पटावर, म्हणजे मुलांच्या संख्येवर ठरतात. झेडपीच्या शाळेचा पट घसरला की संचमान्यतेत (शिक्षकांची पदं मंजूर करताना) पद जातं आणि तीन वर्ग दोघांच्या गळ्यात पडतात. एक जण मतदार यादीच्या कामाला किंवा केंद्रशाळेच्या बैठकीला गेला, की सातवी फळ्यावरचं उतरवत बसते. हायस्कुलात तासाला विषयाचा शिक्षक येतो, प्रयोगशाळा असते, मैदान असतं. पण वर्गात साठ-साठ मुलं असू शकतात, आणि मुरलेले शिक्षक दहावीला देऊन पाचवी-सहावीला ज्याचे तास भरत नाहीत त्याला पाठवायची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. मुख्याध्यापकांना सरळ विचारा: सहावीला गणित कोण घेतं, आणि गेल्या वर्षी कोण घेत होतं? दोन वर्षांत तीन नावं आली तर सावध व्हा.

दोन्ही शाळांतल्या सहावीच्या एकेका मुलाची गणिताची वही मागून अपूर्णांकाचं पान उघडा. ३/४ + २/५ = ५/९ असं लिहिलेलं असेल आणि त्यावर लाल बरोबरची खूण असेल, तर त्या वर्गात वही तपासली जात नाही. छेदाला गोल करून खाली १५/२० + ८/२० करून घेतलेलं असेल, तर शिकवणारा माणूस जागा आहे. अशी वही झेडपीच्या पत्र्याच्या खोलीतही सापडते, म्हणून बघायला जायचंच. मुलींसाठी आणखी एक पाहा: दुपारी बारानंतर स्वच्छतागृहात पाणी असतं का? नसेल तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि पुढे शाळाच बुडवायला लागतात.

खर्चात फरक कमी वाटतो, खरा फरक असतो रोजच्या वाटेत. पाठ्यपुस्तकं आणि शालेय पोषण आहार आठवीपर्यंत दोन्हीकडे मिळतो. सहावीपासून धान्याचं प्रमाण १०० ग्रॅमवरून १५० ग्रॅम होतं. मोफत गणवेश मात्र झेडपीतच. ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवीपासून एसटीचा पास मोफत आहे, मुलांना सवलतीत. पण शाळा सुटायची वेळ आणि गाडीची वेळ जुळत नसेल, तर मूल रोज दोन तास स्टँडवर बसून काढतं. प्रवेशासाठी देणगी घेणं आणि मुलाची चाचणी घेणं, दोन्हीला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने बंदी आहे. पैसे मागितले तर पावती मागा.

सेमी इंग्रजीच्या पाटीवर भाळू नका. तिथल्या मुलाला 'डिनॉमिनेटर' म्हणजे काय ते मराठीत विचारा. 'छेद' म्हणून दाखवता आलं तर ठीक.

शाळा बदलायचीच तर कधी? आठवी ही सगळ्यात वाईट वेळ आहे. त्याच वर्षी एनएमएमएसची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्तीची परीक्षा असते. त्यातून नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीला ५५ टक्के हवेत (अनुसूचित जाती-जमातींना ५० टक्के). नवोदय आणि विनाअनुदानित शाळांतली मुलं त्यात बसत नाहीत. शिवाय आठवीची वार्षिक परीक्षा आता पास व्हावीच लागते. फेरपरीक्षेतही राहिलं तर मूल त्याच वर्गात बसतं. नवी शाळा, नवे शिक्षक आणि हे सगळं एकदम नको. म्हणून गावची शाळा सातवीलाच संपत असेल तर पाचवीला किंवा सहावीला हलवा. आठवीपर्यंत असेल आणि विज्ञानाचा शिक्षक टिकून असेल, तर आठवी तिथेच पूर्ण होऊ द्या. झेडपीच्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात, त्यामुळे शिक्षकाचं पद रिकामं असेल तर ठराव करून पाठपुरावा करता येतो. अनुदानित शाळेत ही समिती फक्त सल्ला देते.

दाखल्याला उशीर झाला म्हणून झेडपीची किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. पण दाखल्यावरचं, आधारवरचं आणि शाळेच्या ऑनलाइन नोंदीतलं नाव व जन्मतारीख अक्षर न अक्षर जुळते का, हे चौथीतच पाहून घ्या. आडनावातल्या एका वेलांटीवरून पुढे अर्ज अडतात.