घरच्या सर्व्हरसाठी काय घ्यावं: जुना लॅपटॉप, रास्पबेरी पाय की मिनी पीसी?

घरात सर्व्हर ठेवायचा म्हटलं की चर्चा प्रोसेसरपासून सुरू होते. खरं तर फोटो साठवणं, घरातल्या सगळ्यांना फाइली उघडता येणं, जाहिराती अडवणारा डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा), थोडे व्हिडिओ एवढंच काम असेल, तर गेल्या दहा वर्षांतला जवळपास कुठलाही प्रोसेसर ते सहज ओढतो. तिन्ही पर्याय वापरल्यावर मी आधी दोनच गोष्टी बघतो: डिस्क कशी जोडली जाणार, आणि वीज जाऊन आल्यावर यंत्र काय करणार.

रास्पबेरी पाय म्हणजे एका छोट्या बोर्डावरचा संगणक. त्याचं आकर्षण मला कळतं. आवाज नाही, जागा खात नाही, वीज आली की आपोआप सुरू होतो. पहिला पाय २०१२ साली आला, पण सर्व्हर म्हणून तो खरा कामाचा झाला २०१९ च्या पाय ४ पासून. त्याआधीच्या ३बी प्लसवर गिगाबिट पोर्ट होतं, पण ते आतून यूएसबी २ वरून जायचं, त्यामुळे वेग ३०० मेगाबिटच्या आसपास अडायचा. बाहेरची डिस्कही त्याच वाटेवर. पाय ४ ला पूर्ण गिगाबिट आणि यूएसबी ३ मिळालं. २०२३ च्या पाय ५ ला पीसीआयई ही वेगवान जोडणी मिळाली, तिच्यावर जास्तीचा बोर्ड लावून एनव्हीएमई जातीची वेगवान एसएसडी बसवता येते.

अडचण इथेच सुरू होते. पाय ५ ला ५ व्होल्ट, ५ अँपिअरचा पुरवठा लागतो. ३ अँपिअरचा चार्जर लावला तरी तो चालू होतो, पण सगळ्या यूएसबी पोर्टना मिळून ६०० मिलिअँपिअरच देतो. मग यूएसबीवरची हार्ड डिस्क मधूनच गायब होते आणि माणूस लिनक्समध्ये चूक शोधत बसतो. योग्य चार्जर, केस, पंखा, एसएसडीचा बोर्ड आणि एसएसडी अशी बेरीज केली की खर्च वापरलेल्या मिनी पीसीच्या जवळ जातो. एसएसडीऐवजी मेमरी कार्डावर भागवायचं म्हणाल, तर माझा अनुभव वाईट आहे. मी डेटाबेस कार्डावरच ठेवला होता. सतत लिहिलं जाऊन वर्षभरात कार्ड गेलं आणि बॅकअप नसलेल्या नोंदी त्याच्यासोबत गेल्या. डीएनएस, सेन्सर, पिनांना काही जोडून बघणं यासाठी पाय उत्तमच. फोटोंचा एकमेव संग्रह मात्र त्याच्या कार्डावर कधीही ठेवू नका.

घरात लॅपटॉप पडून असेल तर सुरुवात त्याच्यावर करा, हे मी अगदी मनापासून सांगेन. डिस्क आतच, साटा किंवा एम.२ या आतल्या जोडणीवर, त्यामुळे यूएसबीच्या कटकटी नाहीत. बॅटरी म्हणजे आयता यूपीएस. आणि नेटवर्कची सेटिंग चुकून सर्व्हर हाताबाहेर गेला, तर स्क्रीन आणि कीबोर्ड समोरच असतात. नवशिक्याला याचं मोल फार असतं. झाकण लावल्यावर तो झोपू नये म्हणून लिनक्समधल्या सिस्टीमडीच्या लॉगइनडी (logind.conf) सेटिंगमध्ये झाकणाची कृती ‘इग्नोर’ करावी लागते, तेवढं एकदा केलं की झालं.

काळजी बॅटरीची. ती कायम शंभर टक्के भरलेली आणि गरम राहिली की फुगू शकते. बऱ्याच मॉडेलांत चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवता येतं, ते जरूर करा. आधीच फुगलेली असेल तर त्या लॅपटॉपला चार्जर लावू नका, बॅटरी काढून घ्या. दुसरी उणीव अशी की वीज लांबली आणि बॅटरी संपली, तर बहुतेक लॅपटॉप वीज आल्यावर स्वतःहून उठत नाहीत, कुणीतरी बटण दाबावं लागतं.

विकत घ्यायचंच असेल तर माझं मत वापरलेल्या मिनी पीसीला: थिंकसेंटर टायनी, ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एलिटडेस्क मिनी या जातीची ऑफिसातून निघालेली यंत्रं. बहुतेकांत एक एम.२ आणि एक अडीच इंची डिस्क बसते. बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, वीज आल्यावर चालू होण्याची सोय असते. इंटेलच्या सातव्या पिढीपासून १० बिट एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून साठवण्याची एक पद्धत) व्हिडिओचं रूपांतरही चिपवरच होतं. पाय ५ मध्ये असं रूपांतर करणारा व्हिडिओ एन्कोडरच नाही, त्यामुळे जेलिफिनसारखं, घरातले व्हिडिओ टीव्ही-फोनवर दाखवणारं काही चालवायचं असेल तर निवड इथेच संपते. नवीन हवं असेल तर इंटेलच्या एन१०० चिपची यंत्रं बघा. साडेतीन इंची डिस्क मात्र या डब्यांत मावत नाही, आणि यूपीएस वेगळा लागतो.

विजेचा हिशेब सोपा आहे. १ वॅट वर्षभर म्हणजे ८.७६ युनिट. रिकामा असताना १० वॅट घेणारा मिनी पीसी वर्षाला साधारण ८८ युनिट खातो. ६० वॅट घेणारा जुना डेस्कटॉप ५२६. पाय आणि मिनी पीसी यांच्यातला चार-पाच वॅटचा फरक मला निर्णायक वाटत नाही, डेस्कटॉपचा वाटतो.

डेबियन ही लिनक्सची आवृत्ती तिन्हीकडे चालते. फक्त फार जुना, ३२ बिट प्रोसेसरचा लॅपटॉप असेल तर २०२५ मध्ये आलेलं डेबियन १३ त्यावर इन्स्टॉल होत नाही. पायचा प्रोसेसर एआरएम या वेगळ्या जातीचा आहे, त्यामुळे एखादा कंटेनर (तयार बांधलेलं सॉफ्टवेअर) त्याच्यासाठी मिळत नाही असं अधूनमधून होतं. लॅपटॉप आणि मिनी पीसी यांच्या प्रोसेसरची जात एकच असल्याने पुढे लॅपटॉपची एसएसडी काढून मिनी पीसीत लावली तरी बहुधा तीच सिस्टीम सुरू होते. त्यासाठी एफएसटॅब या डिस्क जोडण्याच्या यादीच्या फाइलमध्ये डिस्कची नावं यूयूआयडीने, म्हणजे त्यांच्या न बदलणाऱ्या ओळख क्रमांकाने लिहा, दोन्हीकडे बूट यूईएफआय या पद्धतीनेच ठेवा, आणि पहिल्यांदा मॉनिटर जोडून ठेवा, कारण नेटवर्क कार्डाचं नाव बदलतं आणि जुन्या सेटिंगमध्ये ते नवं नाव घातल्याशिवाय यंत्र नेटवर्कवर दिसत नाही.