३४,५०० ला गंडलो, आणि पुरावा माझ्याच बॅगेत होता

आधीच सांगतो, मी कॉम्प्युटरमधला अगदीच ढ नाहीये. घरातली बारशी, साखरपुडे, गावच्या यात्रेतला छबिना, सगळं मीच शूट करतो आणि मीच कापून जोडून नातेवाइकांना पाठवतो, सहा वर्षं झाली. जुन्या लॅपटॉपवर दहा मिनिटांचा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावायचा, जेवायचं, झोपायचं, उठून बघावं तर गाडी ६० टक्क्यांवर. म्हणून ३५ हजारांत सेकंडहँड पीसी घ्यायचं ठरवलं, दोन महिने बसून माहिती काढली, कोणतं ग्राफिक्स कार्ड, किती रॅम, आणि एवढं करून तोंडावर पडलो.

पुण्यातल्या एका गाळेवाल्याची जाहिरात होती. आय-फाइव्ह १०४०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि जीटीएक्स १०५० टीआय ४ जीबी हे ग्राफिक्स कार्ड. ३४,५०० फिक्स, त्यात कार्डाचे ९,५०० असं त्यानेच फोड करून सांगितलं. २,००० बुकिंगला यूपीआयने, २८,५०० तिथे गेल्यावर यूपीआयने, आणि ४,००० रोख, कारण 'भाऊ तेवढे कॅश द्या ना'. बिल मागितलं तर म्हणे १८ टक्के जीएसटी लागेल, वर अजून ६,२१० द्या, तुमचंच नुकसान. सोडलं बिल. सकाळीच तपकीर गल्लीत एकाने असाच सेट बिलासकट ४६,००० सांगितला होता आणि मी मनात म्हटलं होतं, काय लुटतात हे लोक! तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं, खरं सांगा. साताऱ्याहून पहाटेच्या एसटीने स्वारगेटला उतरलेला माणूस संध्याकाळी रिकाम्या हाताने परत जात नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. माझा मॉनिटर जुना, त्याला फक्त निळं व्हीजीए, म्हणजे केबल लावायचं जुन्या पद्धतीचं पोर्ट. आणि मी वाचलेलं होतं, दोनदा वाचलेलं होतं, की १० सिरीजच्या कार्डांना, म्हणजे या १०५० टीआयलाही, व्हीजीए नसतंच. एचडीएमआय असतं, डिस्प्लेपोर्ट असतं, डीव्हीआय असलं तरी त्यातून जुन्या मॉनिटरला सिग्नल मिळत नाही. म्हणून मी आदल्या दिवशी साताऱ्यातून ३५० रुपयांचा कन्व्हर्टर घेतला होता. तो पॅकिंगसकट माझ्या खांद्यावरच्या बॅगेत होता. त्या माणसाने कॅबिनेट फिरवलं, आणि मागे कार्डावर निळं व्हीजीए पोर्ट. मी काय म्हणालो असेन? 'अरे वा, व्हीजीए पण आहे?' तो म्हणाला, 'हो सर, कस्टमरची सोय बघतो आपण.' आणि मला आनंद झाला हो! वाईट कशाचं वाटलं तर ३५० वाया गेल्याचं. रात्री अजून झोप मोडते तेव्हा तो निळा चौकोनच दिसतो.

बाकी मी सगळं तपासलं होतं हे कृपया लक्षात घ्या. सीपीयू-झेड हे तपासायचं सॉफ्टवेअर टाकून प्रोसेसर बघितला, खरा. रॅम खरी. एसएसडीची हेल्थ ९७ टक्के. टास्क मॅनेजरला कार्डाचं नावही बरोबर आणि पुढे ४ जीबी. पण ते नाव कार्डाच्या बायोसमध्ये, म्हणजे कार्डाच्या आतल्या प्रोग्राममध्ये, जे भरलंय त्यावरूनच येतं. आत निघालं २०१० चं जीटीएस ४५०, बायोस बदलून नवीन नाव चिकटवलेलं. आणि बाहेर पडताना दारात त्याने सांगितलं होतं, 'ड्रायव्हर अपडेट करू नका, मी सेट करून दिलाय, अपडेट केला तर वॉरंटी गेली.' हे वाक्य कानावर पडलं की पैसे खिशात घालून सरळ उठा.

घरी आणलं, भाचीच्या साखरपुड्याचं फोरके फुटेज टाकलं. डाविंची या एडिटिंग सॉफ्टवेअरने कार्ड ओळखायलाच नकार दिला. दुसरं सॉफ्टवेअर टाकलं तर टाइमलाइनवर तिसरी क्लिप ठेवली की पडद्यावर हिरवे-जांभळे चौकोन आणि मग सगळं काळं. गाळेवाल्याला फोन केला तर मला विचारतो, 'सॉफ्टवेअर क्रॅक केलेलं वापरता का?' मी फुकटचं अधिकृत वापरतोय रे बाबा! दहा दिवस असे घालवले, विंडोज तीनदा टाकायला लावलं. शेवटी शेजारचा इंजिनीअरिंगचा पोरगा पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड हे ग्राफिक्स कार्ड तपासायचं सॉफ्टवेअर घेऊन आला. दोन मिनिटं लागली. कार्डाच्या नावाआधी चक्क 'फेक' लिहून आलं आणि खऱ्या कार्डात चित्राचं गणित करणारे ७६८ शेडर असतात, त्या जागी १९२. पोरगा काही बोलला नाही, नुसता चहा पीत बसला. ते जास्त लागलं. हे सॉफ्टवेअर फुकट आहे, इन्स्टॉलही करावं लागत नाही, दुकानातच चालवा, चालवू देत नसेल तर काय ते समजा.

मग सुरू झाली वरात. चौकीत गेलो तर पहिला प्रश्न, बिल कुठाय? बिल नाही म्हटल्यावर ते साहेब असे हसले की चोर मीच. म्हणाले हा दिवाणी मामला, आणि घडलं पुण्यात, तिकडे जा. पुण्यात गेलो, एसटीचे पैसे परत गेले, रजा गेली, तिथे सांगितलं ऑनलाइन जाहिरात ना, मग सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले तुम्ही दुकानात उभं राहून स्वतःच्या हाताने पैसे दिलेत, वस्तू पण मिळाली, यात सायबर काय आहे? मला विचारताय? बरं, यूपीआय ज्या नावाने गेलं ते नाव भलत्याच कुणाचं, दुकानाच्या पाटीवर तिसरंच. एकाने तर सल्ला दिला की 'जाऊ द्या, कॉम्प्युटर चालू होतोय ना'. म्हणजे ९,५०० ला भंगार विकलं तरी पंखा फिरला की गुन्हा नाही!

आता ग्राहक आयोगात टाकतोय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत असते, एवढं कळलंय. व्हॉट्सअ‍ॅप चॅट डिलीट करू नका कधी, माझ्याकडे आता तेवढंच आहे. ४,००० रोख दिले त्याचा कागदही नाही, ते गेलेच. आणि बायकोला मी २८ हजार सांगितले होते, तक्रारीवर ३४,५०० लिहावे लागले आणि साक्षीदार म्हणून सही तिचीच घ्यायची होती. तो एपिसोड इथे लिहीत नाही.

गंमत ऐका. त्या पोराने कार्ड काढून टाकलं, केबल मदरबोर्डला लावली, शॉटकट या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये प्रॉक्सी, म्हणजे एडिटपुरती हलकी कॉपी, चालू करून दिली. साखरपुडा एडिट झाला. १०४०० च्या आतल्या ग्राफिक्सवर माझं काम भागत होतं, कार्डाची गरजच नव्हती, आणि १०४०० एफ घेतला असता तर आतलं ग्राफिक्सही नसतं, तेव्हा ते एफ अक्षर बघून घ्या.

परवा तीच जाहिरात परत दिसली. आता ३२,९९९. तिसऱ्या फोटोत मागची बाजू आहे आणि निळं पोर्ट स्वच्छ दिसतंय. मी माझे जुने स्क्रीनशॉट काढून बघितले. तिसरा फोटो तोच आहे.