म्हसरूळचा प्लॉट आणि 1 लाख 85 हजारांचा खोटा कागद

2024 ची दिवाळी झाली आणि आम्ही ठरवलं, आता घर बांधायचं. नाशिकच्या म्हसरूळला दोनशे चौरस मीटरचा प्लॉट आठ वर्षांपासून घेऊन ठेवला होता. मंजूर लेआउटमधला, बिनशेती झालेला, सातबारा माझ्या नावावर. मी अंबडच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. मशीन बिघडलं तर आवाजावरून सांगतो कुठलं बेअरिंग गेलंय. पण महापालिकेची परवानगी कशी काढतात, किती दिवस लागतात, यातलं मला काडीचंही कळत नव्हतं. नेमकं तेच त्या माणसाच्या पथ्यावर पडलं.

माणूस मेव्हण्याच्या ओळखीचा. त्याचं नाव लिहीत नाही, प्रकरण पोलिसांत आहे. वय पस्तिशीचं, पांढरा शर्ट, बगलेत कायम तीन-चार फायली. "मी लायझनिंग बघतो" म्हणाला, म्हणजे सरकारी कचेरीतली कामं लोकांसाठी करून देणं. पहिल्या भेटीत मी विचारलं, "परवानगीला किती दिवस लागतील हो?" तो हसला. म्हणाला, "दादा, 2027 ला सिंहस्थ आहे. आत्तापासून सगळी यंत्रणा कुंभाच्या कामाला जुंपलीय. सरळ गेलात तर वर्ष विसरा. माझ्याकडून तीन महिने."

नाशिककराला हे पटतंच. रस्ता खोदला तरी सिंहस्थ, बुजवला नाही तरी सिंहस्थ. मी खोलात गेलोच नाही. घरभाडं दरमहा जात होतं, थोरलीची दहावी पुढच्या वर्षी होती. वर्ष थांबायची तयारी नव्हती. शॉर्टकट मलाही हवा होता, हे आधीच कबूल करतो.

आता खरं काय ते सांगतो, कारण हे मला त्या दिवशी माहीत असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. डिसेंबर 2020 पासून मुंबईसारखे अपवाद सोडून राज्यात एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, नाशिकलाही तीच. तिच्यात छोट्या घरांसाठी वेगळी सोय आहे. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवर घर बांधायचं असेल तर ठरलेली कागदपत्रं नि नकाशे दाखल करून शुल्क भरल्याची पावती हीच परवानगी धरतात. दीडशे ते तीनशेच्या मधल्या प्लॉटला दहा दिवसांत परवानगी द्यायची असते. अटी आहेत, उंचीच्या, सामासिक अंतराच्या (प्लॉटच्या हद्दीपासून मोकळं सोडायचं अंतर), पण सोय आहे. बाकीच्या अर्जांनाही 1966 च्या नगररचना कायद्याच्या कलम 45 मध्ये साठ दिवसांची मुदत आहे. तेवढ्यात निर्णय कळवला नाही तर परवानगी मिळाली असं मानतात, मात्र नकाशा नियमांत तंतोतंत बसला पाहिजे. म्हणजे माझ्या प्लॉटला कागदोपत्री दहा दिवसांचं काम होतं. तीन महिने म्हणजे कृपा, असं वाटून मी त्या माणसाचे आभार मानत होतो.

पहिले 35 हजार "फाइल इनवर्ड करायला". मग 60 हजार विकास शुल्काचे, रोख. पावती दिली, गोल शिक्क्याची. विकास शुल्क रेडीरेकनरच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या जमिनीच्या दरावर ठरतं आणि त्याचं चलन महापालिकेच्या नावाने निघतं, एजंटाच्या हातात रोख द्यायचं नसतं, हे नंतर कळलं. डिसेंबरभर फोनवर एकच पाढा. फाइल स्क्रुटिनीत आहे. फाइल टेबलावर आहे. साहेब रजेवर आहेत. मग जानेवारीत शेवटचे 90 हजार, "आतल्यांना द्यावे लागतात". पुढे निघालं असं की आत कोणी त्याला ओळखतही नव्हतं आणि माझ्या नावाची फाइल कधी दाखलच झाली नव्हती.

त्या तीन महिन्यांत माझ्या मोबाइलवर एकही मेसेज आला नाही, हे तेव्हाच खटकायला हवं होतं. नंतर खरा अर्ज केला तेव्हा प्रत्येक टप्प्याला मेसेज येत होता.

फेब्रुवारीत त्याने कागद आणून दिला. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करायची परवानगी. वर महापालिकेचं चिन्ह, जावक क्रमांक, निळ्या शाईची सही, कोपऱ्यात क्यूआर कोड. आमच्या हिने त्याला हळदकुंकू लावलं, लॅमिनेट करून आणलं आणि देव्हाऱ्याशेजारी उभं केलं. रोज पूजेला बसलो की समोर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की 'प्रारंभ'चा अनुस्वार चुकून 'प्रा'वर पडलाय, 'प्रांरभ'. मी मनात म्हटलं, सरकारी टायपिंग!

भूमिपूजन झालं. साठवलेल्या पैशांत खोदाई, फुटिंग, जोतं, एप्रिलअखेर पहिल्या मजल्याचे कॉलमही उभे राहिले. पुढच्या कामासाठी गृहकर्ज घ्यायचं होतं. बँकेच्या पॅनेलवरच्या वकीलबाईंनी माझ्यासमोर फोन काढून तो क्यूआर कोड स्कॅन केला. स्क्रीनवर परवानगी उघडली. पाथर्डी शिवारातल्या एका प्लॉटची. मालक कोणी भलताच. बाईंनी फोन माझ्याकडे वळवला आणि काहीच बोलल्या नाहीत. मी दोनदा गट नंबर वाचला.

नगररचना विभागात चौकशी केली तेव्हा तिथल्या लिपिकाने कागद हातात घेतल्याघेतल्या विचारलं, "ही पेनाची सही कुठून आली?" आता परवानगी ऑनलाइन निघते, सही डिजिटल असते. नकाशावर ज्या आर्किटेक्टचा शिक्का होता, त्याचा नोंदणी क्रमांकही बोगस. आर्किटेक्टची नोंदणी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे असते आणि तिच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येते. पाच मिनिटांचं काम. मी सहा महिन्यांत केलं नव्हतं.

मे महिना, आणि 2025 चा तो मे आठवत असेल तर पाऊस आधीच धो धो सुरू झाला. कॉलमच्या उघड्या सळया गंजायला लागल्या. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, सिमेंट स्लरी तरी मारून ठेवू," म्हणून मारली. काम थांबलं ते थांबलंच. विनापरवाना बांधकाम म्हणून दंड माझ्याच नावावर आला, कारण जमीन माझी, बांधकाम माझं. फसवणूक झाली म्हणून दंड माफ होत नाही. आणि काम आधीच सुरू झालेलं, त्यामुळे दहा दिवसांची सोयही हातची गेली.

नोंदणीकृत आर्किटेक्टबाई गाठल्या. त्यांनी जागेवर टेप लावला आणि एका बाजूचं सामासिक अंतर कमी भरलं. बाल्कनीसाठी पुढे काढलेला बीम कटरने कापावा लागला. तो आवाज अजून कानात आहे. धूळ, पाणी, आणि ज्या मिस्त्रीने तो ओतला तोच कापतोय. वेळ सगळ्यात जास्त खाल्ला तो मोजणीने. हद्दीबद्दल शेजाऱ्याची शंका होती, म्हणून भूमी अभिलेखकडे मोजणीचा अर्ज करावा लागला. त्याची तारीख, मग मोजणी, मग नकाशाची प्रत. परवानगीला उशीर लागतो म्हणतात त्यातला निम्मा उशीर असा अर्ज दाखल व्हायच्या आधीचा असतो. सातबारा, मोजणी नकाशा, लेआउटची मंजुरी, झोन दाखला आधी जमवा. गोदावरी, नासर्डी किंवा वालदेवीच्या काठाजवळ प्लॉट असेल तर निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे पुराच्या पाण्याची आखलेली हद्द, कुठून जाते ते सर्वांत आधी बघा.

अर्ज दाखल झाल्यापासून खरी परवानगी हातात यायला मला दोन महिने बावीस दिवस लागले, दंड, दुरुस्त नकाशा सगळं धरून. परवानगी वर्षाची असते, दरवर्षी वाढवून जास्तीत जास्त चार वर्षं. "एकदा काढली की कायमची" हेही त्या माणसाचंच वाक्य.

पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली फसवणुकीची तक्रार दिली, पूर्वीचं चारशेवीस. सोबत बनावट दस्तऐवजाचं कलम. 35 हजार मी ऑनलाइन पाठवले होते, त्याचाच काय तो पुरावा. बाकी रोख. आत्तापर्यंत परत आले 40 हजार, तेही मेव्हण्याने घरी जाऊन बसल्यावर.

पोलिस ठाण्याच्या बाकावर आणखी दोघं भेटले. एक आडगावचे निवृत्त एसटी कंडक्टर, एक सिडकोतली परिचारिका. तिघांनी आपापले कागद मांडीवर ठेवले. जावक क्रमांक तिघांवर एकच. 'प्रांरभ' तिघांवर. ते काका घरात राहायलाही गेलेत, भोगवटा प्रमाणपत्राशिवाय, म्हणजे राहायच्या परवानगीशिवाय.

हा माणूस अजून मोकळा आहे. 2024 च्या दिवाळीनंतर कोणी तुमच्या हातात असा पेनाच्या सहीचा कागद दिला असेल तर तो घेऊन स्वतः नगररचना विभागात जा, एजंटाला बरोबर नेऊ नका. आणि जाण्याआधी त्या तीन अक्षरांवरचा अनुस्वार बघा.