जर्मनीत एकट्या आलेल्या मुलांसाठी: कायदेशीर पालक व्हायचं की मूल घरी आणायचं?

म्युनिकच्या मैत्रिणीचा काल मेसेज आला, आईबापाविना एकट्याच आलेल्या अफगाण, सीरियन मुलांसाठी काहीतरी करायचंय पण 'फोरमुंड' व्हावं की मूल घरीच सांभाळावं, ठरतच नाहीये.

आधी वेळेचं बघ. फोरमुंड म्हणजे कोर्टाने नेमलेला पालक, मूल राहतं होस्टेलात, तू साधारण महिन्यातून एकदा भेटायचं, पण आश्रयाचा अर्ज, शाळा, ऑपरेशनची सही हे सगळं तुझ्यावर. घरी आणलंस तर रात्री दोनला किचनमध्ये लाईट लावून नुसतंच बसलेलं पोरही तुझंच, आणि काही न विचारता त्याच्याशेजारी बसणं जमलं पाहिजे.

पैसा? घरी ठेवलं तर महिन्याला भत्ता मिळतो, फोरमुंडला किरकोळ खर्चापुरतं.

फोरमुंडचं काम मूल 18 चं झालं की संपतं, घरातलं नातं पुढेही राहू शकतं. तरी मला फोरमुंडची गरज जास्त वाटते, सरकारी फोरमुंडकडे कायद्याने 50 पर्यंत मुलं असू शकतात, एवढ्यांत एकेकाची फाईल नीट कोण वाचणार गं!

जर्मन चांगलं येतं, कागदपत्रांचा कंटाळा नाही, घर लहान आहे, तर फोरमुंड. एक खोली रिकामी आणि घरातले सगळे मनापासून तयार असतील तरच घरी आण.