रोजचा अर्धा तास की आठवड्याची एक दुपार?

सासूबाईंना पक्षाघात झाल्यापासून त्यांची काळजी घेताना स्वतःसाठी वेळ काढायला मी दोन्ही करून पाहिलं.

रोज संध्याकाळी अर्धा तास बाहेर पडायचं, तर तेवढ्यापुरत्या शेजारच्या काकू आनंदाने बसतात. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीची एक फेरी १५-२० मिनिटांत होते. निम्मं लक्ष घराकडेच असतं, हे खरं. तरी पावलं झपाझप पडली की खांदे मोकळे होतात आणि त्या रात्री झोपही बरी लागते.

पूर्ण दुपारची गोष्ट वेगळी. नणंद डोंबिवलीहून येते, नाहीतर नर्सिंग ब्युरोतून रुग्णाजवळ बसणारी बाई बोलवावी लागते. औषधांच्या वेळा, डायपर, दर २ तासांनी कूस बदलणं, सगळं कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवायचं. पण मैत्रिणीशी पोटभर बोलणं तेव्हाच होतं.

एकच जमणार असेल तर मी रोजची फेरी निवडेन. लोकल खोळंबली की दुपार हुकते, फेरी सहसा नाही. मात्र रडू आवरेनासं झालं, तर दोन्ही अपुरे. तेव्हा सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा; मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.