इंजिनिअरच व्हायचंय, पण अकरावीतून की डिप्लोमातून?

दहावीचा निकाल लागला की काही घरांत एक प्रश्न सुटलेला असतो आणि दुसरा उभा राहतो. इंजिनिअरिंगला जायचं, हे ठरलेलं असतं. पण त्यासाठी अकरावी सायन्स घ्यायचं की थेट पॉलिटेक्निकला जाऊन तीन वर्षांचा डिप्लोमा करायचा? मामा सांगतो, डिप्लोमा कर, हाताला काम लागेल. काका सांगतात, हुशार मुलं डिप्लोमाला जात नाहीत. दोघांचं मत त्यांच्या वेळच्या प्रवेशांवर बेतलेलं असतं, आणि ज्याला शिकायचंय तो मुलगा किंवा मुलगी कोपऱ्यात बसून दोघांकडे आळीपाळीने बघत असते.

आधी वर्षांचा हिशेब करून टाकू, कारण अर्धी भांडणं तिथूनच सुरू होतात. अकरावी-बारावीची २ वर्षं आणि पदवीची ४, एकूण ६. डिप्लोमाची ३ वर्षं, मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन आणखी ३, एकूण पुन्हा ६. म्हणजे डिप्लोमात वर्ष वाया जातं हेही खोटं आणि वर्ष वाचतं हेही खोटं. शेवटी दोघं एकाच वर्गात बसतात आणि एकच पदवी घेऊन बाहेर पडतात. फरक एवढाच की एका रस्त्यावर ताण एका जागी साठून येतो, दुसऱ्यावर तो हप्त्याहप्त्याने येतो. आणि कुठली दारं कधी बंद होतात, हेही दोन्हीकडे वेगळं आहे. निर्णय या दोन गोष्टींवर करावा, काकांच्या मतावर नव्हे.

ताण कुठे येतो

अकरावी-बारावीतून राज्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत जायचं तर एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. पेपर २०० गुणांचा: फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे प्रत्येकी ५० प्रश्न १ गुणाचे, गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. अभ्यासक्रमातला सुमारे २० टक्के भार अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा. गुणवत्ता यादी सीईटीच्या पर्सेंटाइलवर, म्हणजे किती टक्के मुलं आपल्या मागे आहेत त्यावर लागते. बोर्डाचे गुण पात्रतेपुरते, म्हणजे पीसीएममध्ये (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) खुल्या गटाला ४५ टक्के आणि राज्यातल्या राखीव गटांना ४० टक्के असले की झालं. थोडक्यात, दोन वर्षांचं सगळं ओझं ३ तासांवर येऊन पडतं.

याचा मुलांवर होणारा परिणाम मजेशीर आहे. अकरावी निवांत जाते. दिवाळीनंतर कधीतरी क्लासची टेस्ट सिरीज सुरू होते, बारावीत प्रॅक्टिकल, बोर्ड आणि सीईटी एकावर एक येतात, आणि फेब्रुवारी ते मे या काळात घरातला टीव्हीसुद्धा दबक्या आवाजात चालतो. काही मुलांना हे मानवतं. शेवटच्या तीन महिन्यांत ती अशी काही पेटतात की बघत राहावं. काहींचं मात्र नेमकं त्याच दिवशी पोट बिघडतं.

डिप्लोमात असा एक दिवस नसतो. सहा सेमिस्टर असतात आणि प्रत्येकात क्लास टेस्ट, प्रॅक्टिकल, तोंडी, सबमिशन आणि मग तंत्रशिक्षण मंडळाची हिवाळी किंवा उन्हाळी परीक्षा. पहिल्याच वर्षी वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब करावा लागतो. लोखंडी पट्टी व्हाइसमध्ये धरून कानस चालवायची, कड सरळ आली का ते ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायची पट्टी) लावून बघायचं, मधून उजेड दिसला की पुन्हा घासायचं. कालपर्यंत गाइडमधून उत्तरं पाठ करणाऱ्या मुलाला हे एकतर फार आवडतं किंवा अजिबात आवडत नाही. ड्रॉइंगच्या शीटचंही तसंच. ड्राफ्टर (रेघा मारायची जोडपट्टी) बोर्डला नीट बसला नाही तर तासाभराची मेहनत रबराने खोडावी लागते. सेमिस्टरच्या शेवटी जर्नल आणि मॅन्युअलवर सह्या घ्यायला सरांच्या मागे फिरणं हा एक वेगळाच विषय, तो अभ्यासक्रमात छापलेला नसतो.

इथे आळस लपत नाही. एखादा विषय राहिला की केटी लागते, म्हणजे तो पेपर पुन्हा द्यावा लागतो, आणि ती पुढच्या सेमिस्टरच्या विषयांसोबत डोक्यावर बसते. उलट, एखादा पेपर बिघडला म्हणून भविष्य बिघडत नाही, सावरायला वेळ मिळतो. पुढे पदवीचा प्रवेश डिप्लोमाच्या टक्क्यांवर होतो, त्यासाठी सीईटी नाही.

मुलाचा पिंड कुठला, हे ओळखायला कलचाचणीवर पैसे घालायच्या आधी कपाटातली नववी-दहावीची प्रगतिपुस्तकं काढा. घटक चाचणी, सहामाही, पूर्वपरीक्षा, बोर्ड असे गुण ओळीने लिहा. आकडे सगळीकडे साधारण सारखे असतील तर मूल रोज थोडं थोडं करणारं आहे. डिप्लोमाची सेमिस्टर पद्धत त्याला मानवेल. सहामाहीला साठ आणि बोर्डाला नव्वद असं असेल तर ते शेवटी झेप घेणारं आहे. असं मूल डिप्लोमाच्या पहिल्याच सेमिस्टरला गडबडतं, कारण झेप घ्यायला तिथे जागाच नसते. हा काही शास्त्रीय नियम नाही, पण शेजारच्यांच्या सल्ल्यापेक्षा बरा.

डिप्लोमावाल्यांना कोणी सांगत नाही ते

थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश हा शब्द ऐकायला गोड वाटतो. त्याचं गणित समजून घ्या. या प्रवेशासाठी मंजूर जागांच्या १० टक्के जास्तीच्या जागा असतात, आणि त्यांत पहिल्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या जागांची भर पडते. आता कॉम्प्युटरला चांगल्या कॉलेजात पहिल्या वर्षीच जागा रिकामी राहत नाही. त्यामुळे तिथे डिप्लोमावाल्यांना मोजक्या जागा मिळतात आणि कटऑफ नव्वदीच्या वरच्या टोकाला जाऊन बसतो. मुंबईचं व्हीजेटीआय किंवा पुण्याचं सीओईपी डोळ्यांसमोर असेल तर डिप्लोमा ही पळवाट नाही. तिथेही तितकंच, फक्त तीन वर्षं सलग, टॉपला राहावं लागतं. सिव्हिल आणि मेकॅनिकलला पहिल्या वर्षाच्या जागा बऱ्याच कॉलेजांत रिकाम्या राहतात, म्हणून त्या शाखांच्या डिप्लोमावाल्यांना प्रवेश तुलनेने सहज मिळतो.

दुसरी अडचण एम-थ्रीची, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरची. पदवीच्या तिसऱ्या सेमिस्टरचं गणित बारावी आणि पहिल्या वर्षाच्या गणितावर उभं असतं. बारावीतून आलेल्यांचे हात दोन-तीन वर्षं इंटिग्रेशनवर बसलेले असतात. डिप्लोमावाला हे सगळं पहिल्या वर्षी कधीतरी शिकलेला असतो आणि त्यानंतर त्याचा गणिताशी फारसा संबंध आलेला नसतो. शिवाय प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात. तो वर्गात येतो तेव्हा सेमिस्टर सुरू होऊन काही आठवडे झालेले असतात आणि फळ्यावर लाप्लास ट्रान्सफॉर्म चालू असतो. यात बुद्धीचा प्रश्न नाही, सवयीचा आहे. सहाव्या सेमिस्टरची परीक्षा संपल्यापासून प्रवेशापर्यंतचा काळ निकालाची वाट बघण्यात न घालवता बारावीचं कॅल्क्युलस सोडवण्यात घालवला, तर हा खड्डा बराच भरून येतो. आणि एम-थ्रीतून एकदा बाहेर पडला की प्रॅक्टिकलच्या तासाला हाच मुलगा पुढे असतो. मशीनवर काय चालू करायचं, सर्किट कुठे तपासायचं, हे त्याला विचारायला बारावीवाले येतात.

दारं उघडी ठेवायची की एकातून आत जायचं

पंधराव्या वर्षी शाखा ठरवणं अवघड आहे, आणि डिप्लोमा तेच करायला लावतो. अकरावी सायन्स हा निर्णय दोन वर्षं पुढे ढकलतो. पीसीएमबी, म्हणजे सोबत बायोलॉजीही घेतलं तर मेडिकलची नीटसुद्धा देता येते. एनडीए, बीएस्सी, जेईईमधून एनआयटी किंवा आयआयटी, हे सगळे रस्ते बारावीवरून जातात. आयआयटीत डिप्लोमावाल्यांसाठी थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश नसतो. त्यामुळे मूल ‘इंजिनिअरिंग असंच, सगळे जातात म्हणून’ असं म्हणत असेल, किंवा महिन्यातून एकदा डॉक्टर व्हायचं बोलत असेल, तर माझं मत सरळ आहे: अकरावी. दोन वर्षं विचार करायला मिळतात, हीच तिची सर्वांत मोठी कमाई.

डिप्लोमाचं बलस्थान वेगळीकडे आहे. नुसत्या बारावी सायन्सला नोकरीच्या बाजारात फारशी किंमत नाही. डिप्लोमा हातात असला की अठरा-एकोणीसाव्या वर्षी मूल कमवायला लागू शकतं. कनिष्ठ अभियंत्याच्या बऱ्याच सरकारी भरतींना डिप्लोमा चालतो, आणि १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कंपनीत वर्षभर विद्यावेतनावर काम शिकता येतं. पुढची तीन वर्षं कशी जातील याची ज्या घरात खात्री नाही, वडिलांची नोकरी डळमळीत आहे किंवा धाकट्या भावंडांचं शिक्षण रांगेत आहे, तिथे ही फार मोठी गोष्ट आहे. पदवी करायची की आधी नोकरी, हा निर्णय तीन वर्षांनंतर पुन्हा मोकळेपणाने घेता येतो.

हुशार मुलं डिप्लोमाला जात नाहीत, या काकांच्या वाक्याबद्दल एवढंच: वांद्र्याच्या किंवा पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनातल्या कॉम्प्युटरचा मागच्या वर्षीचा कटऑफ त्यांना दाखवा.

पैशांचं लवकर सांगतो. अकरावी-बारावीत कॉलेजचं शुल्क कमी, पण क्लासचं भारी, आणि ‘इंटिग्रेटेड’च्या नावाखाली दोन्ही एकत्र भरायला लावलं की काय कशाचं ते कळेनासं होतं. लेखी विचारा. डिप्लोमात शासकीय कॉलेज आणि खासगी कॉलेज यांच्या शुल्कात मोठा फरक असतो. दोन्ही रस्त्यांवर तंत्रशिक्षणाच्या प्रवेशात शिक्षण शुल्क माफीच्या ५ टक्के जागा असतात, त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. फॉर्ममध्ये त्याचा पर्याय वेगळा निवडावा लागतो; बरेच जण तिथेच चुकतात.

मागे फिरता येतं का

डिप्लोमाचं पहिलं वर्ष करून ‘हे माझं नाही’ असं कळलं तर अकरावीला जाता येतं, पण एक वर्ष जातं. अकरावीतून डिप्लोमाकडे यायचं असेल तर बारावी सायन्स पूर्ण करून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. सीईटी फसली आणि ड्रॉप घ्यायची, म्हणजे एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यायची मनाची तयारी नसेल, तर हा मार्ग वाईट नाही. पदवीपर्यंत एकूण ७ वर्षं होतात, म्हणजे ड्रॉप घेतल्याइतकीच, फक्त ती घरात बसून जात नाहीत.

जूनमधली गडबड

दोन्हीकडचे अर्ज एकाच वेळी भरता येतात आणि मन पक्कं नसेल तर भरावेतच. डिप्लोमासाठी दहावीला किमान ३५ टक्के हवेत आणि प्रवेश दहावीच्या गुणांवर, तंत्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीय फेऱ्यांतून होतो. अकरावीची ऑनलाइन प्रक्रिया २०२५-२६ पासून राज्यभर लागू झाली. तिच्यात जास्तीत जास्त १० पसंतीक्रम देता आले आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर प्रवेश घेणं बंधनकारक होतं, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून ‘बघू तरी मिळतं का’ म्हणून पहिल्या क्रमांकावर भलतंच कॉलेज टाकू नका. पसंतीक्रम आपल्याला काय हवं त्या क्रमाने लावायचा, काय मिळेल त्या अंदाजाने नव्हे. अंदाजाचं कॉलेज यादीत खाली राहू द्या. नियम दरवर्षी थोडे बदलतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा, नेट कॅफेवाल्याच्या भरवशावर राहू नका.

कागदपत्रांचं काम निकालाच्या आधी, मे महिन्यातच उरकावं: अधिवास, उत्पन्न, जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रीमी लेअर किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक). नॉन-क्रीमी लेअरवरची मुदत बघा. मागच्या ३१ मार्चला संपलेला दाखला चालत नाही. जात वैधता प्रमाणपत्र पदवीच्या प्रवेशाला लागतं, आणि ते मिळायला वेळ लागतो. बारावीवाल्यांनी कॉलेजमार्फत अकरावीतच, तर डिप्लोमावाल्यांनी शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला प्रस्ताव टाकावा.

शाळा सोडल्याचा मूळ दाखला मात्र एकच असतो. तो ज्या कॉलेजात जमा केला तिथून काढून घ्यायचा तर आधी तिथला प्रवेश रद्द करावा लागतो, आणि शुल्क परत मिळण्याची शेवटची तारीख प्रक्रियेच्या वेळापत्रकात दिलेली असते. दुसरीकडची जागा पक्की झाल्याशिवाय पहिली रद्द करू नका, आणि ती तारीख दोन्ही वेळापत्रकांतून आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.