डिंकाचे लाडू, न्यू जर्सी आणि अडीच हजारांचा एक तास

लेकीच्या बाळंतपणाला मी आणि आमच्या मिसेस न्यू जर्सीला जाऊन आलो, परत सांगलीला येऊन पंधरा दिवस झाले, झोपेचं गणित आता कुठं बसलंय म्हणून निवांत लिहितोय. जायच्या आधी विश्रामबागच्या ह्या ऑफिसात (हा रिव्ह्यू त्याचाच) वकील मॅडमचं, अमेरिकेत आपले हक्क काय ते सांगणारं एक तासाचं सेशन घेतलेलं, दोघांचे मिळून अडीच हजार. तेव्हा मिसेस म्हणाल्या होत्या, एवढ्यात दोन किलो काजू आले असते.

व्हिसाचा फॉर्म आम्ही त्याआधी दुसऱ्याच एका एजंटाकडून भरलेला, नाव घेत नाही, त्यानं आठ हजार घेतले आणि वर शिकवलं की काका, इमिग्रेशनला विचारलं तर नुसतं फिरायला आलोय म्हणायचं, बाळंतपणाचं नाव काढायचं नाही. मला तेव्हाच खटकलं. लेकीला आठवा महिना, व्हॉट्सॲप सगळं डिंकाच्या लाडवाच्या गप्पांनी भरलेलं, आणि मी काउंटरवर नायगारा नायगारा करत बसू होय?

मॅडमना हे सांगितलं तर त्यांनी कपाळाला हातच लावला. म्हणाल्या, ऑफिसरला खोटं सांगितलेलं सापडलं तर कायमची बंदी लागू शकते, नुसतं त्या विमानानं परत पाठवून भागत नाही. मला आवडलं ते हे की हक्क सांगायच्या आधी त्यांनी हक्क कुठं चालत नाहीत ते सांगितलं. एअरपोर्टवर आपण अजून दारातच असतो, व्हिजिटरच्या हातात तिथं फार काही नसतं, साध्या चौकशीत वकील बोलवा म्हणून चालत नाही, आणि फोन उघडून द्यायला नाही म्हटलं तर परत पाठवू शकतात (त्यांच्या सिटिझनला मात्र त्यावरून आत घ्यायचं नाकारता येत नाही). मग आपल्याकडं उरलं काय, तर भाषा कळत नसेल तर दुभाष्या मागायचा आणि न समजता कशावर सही करायची नाही. ग्रीन कार्डवाल्यांना (तिथं कायम राहायची परवानगी असलेल्यांना) तर त्यांनी आय-४०७ फॉर्मचं बजावून सांगितलं, त्यावर सही म्हणजे स्वतःच्या हातानं कार्ड सोडून देणं, पण आपला त्याच्याशी संबंध नव्हता म्हणून मी मध्ये चहा पिऊन आलो.

देशात आत गेल्यावर मात्र चित्र वेगळं. इमिग्रेशनवाल्यांनी घराचं दार वाजवलं तर आधी विचारायचं कोण, कागद दाराखालून सरकवायला सांगायचा आणि त्यावर कोर्टाच्या जज्जाची सही आहे का बघायचं, इमिग्रेशनच्याच साहेबाची सही असेल तर आपण दार उघडायला बांधील नाही. तरी घुसलेच तर आडवं जायचं नाही, फक्त माझी परवानगी नाही एवढं म्हणायचं. गप्प बसायचा हक्क सगळ्यांना आहे, व्हिसा कुठलाही असो. अटक झाली तर आपल्या कॉन्सुलेटला (आपल्या सरकारच्या तिथल्या कचेरीला) कळवा म्हणता येतं, हे १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं. आणि इमिग्रेशन कोर्टात वकील लावता येतो पण सरकार त्याचे पैसे देत नाही, खिशातून द्यायचे. हे ऐकून मी जावयाला त्याच रात्री फोन केला आणि तिथल्या एका वकिलाचा नंबर आधीच घेऊन ठेव म्हटलं, तो हसला, पण घेतला.

सगळ्यात कामाचं म्हणजे आय-९४, आपल्याला आत घेतल्याची नोंद. आम्हाला वाटायचं व्हिसा दहा वर्षांचा म्हणजे आपण राजे. तसं नाही बगा, राहायची तारीख आय-९४ वर असते, ती उलटून १८० दिवसांच्या वर राहून निघालं तर ३ वर्षं बंदी, वर्ष किंवा जास्त झालं तर १०. आणि १८ वर्षं पूर्ण झालेल्या परदेशी माणसानं हा पुरावा सतत जवळ ठेवायचा असा तिथला कायदाच आहे, म्हणून आमच्या मिसेस मॉलमध्येसुद्धा पर्समध्ये प्रिंट घेऊन फिरत होत्या.

नेवार्कच्या एअरपोर्टवर झालं असं की मिसेसना बाजूला घेतलं. एक तर सांगलीची हळद, भडंग, लाडू (सगळं डिक्लेअर केलेलं, कढीपत्ता मॅडमनीच बॅगेतून काढायला लावलेला), दुसरं म्हणजे प्रश्न कळेनात. नाहीतर ह्यांनी घाबरून येस येस केलं असतं. पण बाईसाहेब ताठ उभ्या, म्हणाल्या, इंटरप्रीटर प्लीज. फोनवर हिंदीवाला आला. खरं ते सांगितलं, लेकीचं बाळंतपण, पाच महिने, रिटर्न तिकीट हे बघा. वीस मिनिटात मोकळ्या, सहा महिने मिळाले.

आता तक्रार. अकराची वेळ दिली आणि साडेबाराला आत घेतलं. ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून जावा. मॅडम इथल्या वकील आहेत, अमेरिकेतल्या नाहीत, केस उभी राहिली तर तिथलाच वकील गाठा हे त्यांनी पहिल्याच मिनिटाला सांगितलं म्हणून त्याचा स्टार कापत नाही. एक स्टार कापतोय तो हातात दिलेल्या कागदांसाठी, सगळे इंग्लिशमध्ये आणि अक्षर मुंगीएवढं. मिसेसनी त्यातलं महत्त्वाचं विमानात बसून वहीत मराठीत उतरवलंय, मॅडमना पाहिजे असेल तर झेरॉक्स आणून देतो.